बसच्या फळीतलं भोक

मी इथे भुताखेतांचे अनुभव नेहमी वाचायला येतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसायला. चकवा, पांढरी साडी, उलटे पाय... डबा खाताना असले किस्से मोठ्याने वाचून मी मित्रांची भरपूर करमणूक केलेली आहे. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

मी आणि माझा मोठा भाऊ, दोघेही लोट्याला एकाच केमिकल कंपनीत आहोत. दादा प्लांटवर, मी मेंटेनन्सला. राहायला अलोऱ्याला. कंपनीची बस सकाळी नेते, संध्याकाळी आणून सोडते. वडील गेल्यावर घर दादानेच ओढलं, माझं आयटीआयसुद्धा त्यानेच करवलं. तो मला भाऊ कमी आणि बाप जास्त आहे.

बस जुनी, कंत्राटदाराची. आतली जमीन लाकडी — प्लायवूडच्या फळ्या, वर रबरी मॅट. पाणी मुरून मुरून दादाच्या सीटपुढची फळी कुजली, वरची मॅट फाटली आणि बरोबर त्याच्या पायाशी मुठीएवढं भोक पडलं. त्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा. कंत्राटदाराला सांगितलं की तो "बघू" म्हणायचा.

गणपती होऊन गेले होते. एका सकाळी बस परशुराम घाट चढत होती. दादाच्या शेजारी बसलो होतो, सहज खाली नजर गेली... बस चालू होती, आणि भोकातली जमीन थांबलेली होती.

लाल माती, थोडं गवत. चुना फासलेला जांभ्याचा एक चिरा, मधोमध फुटलेला. त्याला टेकून एक तपकिरी सँडल पडलेलं, पट्ट्याला निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचे टाके.

खिडकीबाहेर झाडं मागे पळत होती. मी दादाला हलवलं. त्याने वाकून बघितलं.

"काय हाय त्यात? रस्ताच तर हाय! रात्री मोबाईल बगत बसतंस, मग सकाळी असं व्हतं."

आमचे सेफ्टी शूज कंपनीत लॉकरला असतात, त्यामुळे बसमध्ये सगळे चपला-सँडलवर. दादाच्या पायातही तपकिरी सँडलच होतं. पण त्याचा पट्टा धड होता, टाके नव्हते. तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

पण पुढेही घाट लागला की तेच. तोच चिरा, तेच सँडल, आणि दिसायचं फक्त मला. शेवटी मीच ते भोक बुजवायचं ठरवलं. कंत्राटदाराची वाट बघत बसलो असतो तर मला वेड लागलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत बस आवारात उभी असते. ड्रायव्हरला विचारून मी मॅट उचलली, कुजलेला भाग चौकोनात कापून काढला. त्या उघड्या चौकोनातून आवारातलं काँक्रीट दिसत होतं, ऑइलचे डाग... बाकी काही नाही. तेवढ्याच जाडीचा मरीन प्लायचा तुकडा बसवला, खालून जाड पत्रा लावला, बोल्ट आवळले, कडांना सीलंट भरलं. दादा येऊन त्यावर पाय आपटून गेला.

"आता हत्ती हुबा ऱ्हायला तरी काय व्हनार नाय!"

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

दिवाळीनंतर घाटात वळणावर एक म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली, ती रस्ता सोडून मातीत उतरली आणि दादाच्या पायाखाली धाडकन आवाज झाला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. उतरून बसखाली बघितलं... कडेला लावलेला, चुना फासलेला एक चिरा माझ्या पत्र्यावर आदळून नुकताच दुभंगला होता. लाल माती. थोडं गवत.

सगळे माझी पाठ थोपटत होते. भोक तसंच असतं तर दादाचा पाय गेला असता, म्हणाले. दादा रस्त्याच्या कडेला दोन्ही सँडलवर उभा राहून वहिनीला फोन करत होता. मी तिथेच रडलो. संकट टळलं, असं मला मनापासून वाटलं.

बस दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाली. तो फुटका चिरा अजून त्या वळणावर पडलेला आहे, रोज दिसतो.

आणि काल संध्याकाळी दादाच्या सँडलचा पट्टा तुटला. "नवीन कशाला, घालते दोन टाके," म्हणून वहिनी दोरा घेऊन बसली. निळा. नायलॉनचा.

याचा अर्थ मला लागत नाही. मी काय बघितलं आणि मलाच का दिसलं, तेही माहीत नाही. एवढंच कळतं, की मी बघितलेलं अजून व्हायचंय. आज पहाटे मी ते टाके घातलेलं सँडल उचलून माझ्या डब्याच्या पिशवीत घातलंय. त्या वळणावर मीच ते खिडकीतून टाकावं म्हणतो... पडायचंच असेल तर दादाशिवाय पडू दे. पण माझ्याच हाताने मी ते घडवून आणतोय, असं तर नाही ना? टाकू की नको — कोणाला काही कळत असेल तर सांगा. बस यायला थोडाच वेळ आहे.

बाहेर पडवीत दादा शोधतोय. "आरे, माजं एक सँडल बगितलंस काय?"