गेलं का गं?

वर्षातून एक दिवस त्या दोघी बहिणी स्वतःहून, रांगेत उभ्या राहून, तिकीट काढून घाबरायला जात. थिएटरवाला दरवर्षी एका शनिवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत सलग पाच भुताचे सिनेमे लावायचा. एका तिकिटात पाच भुतं! धाकटीला याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं. थर्मासमध्ये चहा, डब्यात उकडलेली अंडी आणि लोणी लावलेला पाव, मांडीवर एक शाल दोघींत मिळून. मधल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या त्यांच्याच. तिथे दुसरं कुणी बसलं तर धाकटी त्याच्याकडे अशी बघायची की तो बिचारा भूत परवडलं म्हणून उठायचा.

थोरली मात्र पक्की भित्री. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात दाभण आणि सरस घेऊन तिची हयात गेली, बोटं लाकडासारखी झाली, पण पडद्यावर दार करकरलं की तिची गाळण उडायची. ती ओढणी डोळ्यांवर घ्यायची आणि विचारायची, "गेलं का गं?"

"गेलं," धाकटी सांगायची. नेमकं तेव्हाच ते भूत पडदाभर तोंड पसरून उभं असायचं. थोरली ओढणी काढायची, किंचाळायची आणि धाकटीच्या दंडाला असा चिमटा काढायची की चार दिवस निळं राहावं. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. थोरली दरवेळी फसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तिलाच विचारायची. या बाईला आता काय म्हणावं!

धाकटीची नोकरी तपासणीच्या प्रयोगशाळेत. शरीरातून काढलेला तुकडा तिच्याकडे येतो, ती तो मेणाच्या वडीत बसवते, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते, कोमट पाण्यावर तरंगवते आणि काचेवर घेऊन रंगवते. पुढचं काम डॉक्टरांचं. वडीवर नाव नसतं, फक्त आकडा असतो. बावीस वर्षांत तिने कधी कुठल्या आकड्यामागचं माणूस शोधलं नव्हतं. गुरुवारी आलेला आकडा मात्र तिला पाठ होता, कारण तो थोरलीच्या कागदावर तिनेच लिहिला होता. ते काप काढताना तिने दोनदा पातं थांबवलं, हात पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.

थोरलीला तिने सांगितलं होतं, "साधी गाठ आहे ताई. निकालाला आठ-दहा दिवस लागतात." साफ थाप. निकाल आजच होता, आणि डॉक्टर तो तिला मेसेजवर कळवणार होते. आणि त्या प्रयोगशाळेची एक रीत धाकटीला पक्की माहीत होती. निर्धोक काचांवर डॉक्टर सकाळीच सही करून मोकळे होतात. ज्यांच्यात काही दिसतं, त्या दुपारपर्यंत टेबलावर राहतात, दुसरे डॉक्टर येऊन बघतात. मग पेशंटला फोन जातो. तो फोन करायचं काम धाकटीचंच. "वाईट" असा शब्द कधी उच्चारायचा नाही, एवढंच म्हणायचं, "येताना घरातलं कुणीतरी सोबत असू द्या." हे वाक्य तिने इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता तिला स्वतःच्या आवाजाची भीती वाटायची.

पहिल्या सिनेमात शिंप्याच्या दुकानातला पुतळा चालू लागला. शेजारून आवाज आला, "गेलं का गं?"

"नाही अजून," धाकटी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता गेलं. बघ." आणि खरोखरच गेलं होतं.

सिनेमा संपताच ती उठली. आत फोन बंद ठेवायचा थिएटरचा कडक नियम, म्हणून बाहेर हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून तिने तो चालू केला. काही नाही. अजून अकराच वाजलेत, तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या सिनेमानंतरही काही नाही. आता एक वाजायला आला होता आणि सकाळच्या सह्या केव्हाच आटोपल्या असणार. परत येऊन तिने अंड्याचा डबा उघडला आणि न खाताच बंद केला.

"भूक नाही?" थोरलीने विचारलं.

"खाते नंतर."

"तू? नंतर?" थोरलीने तिच्याकडे एकदा निरखून बघितलं आणि शाल सारखी केली.

तिसऱ्या सिनेमात तळघर होतं, चौथ्यात आरसे. आजूबाजूचे लोक किंचाळून हसत होते, पॉपकॉर्न सांडत होते, आणि धाकटी जीव मुठीत धरून बसली होती. एरवी याच अंधारात तिला केवढं निर्धास्त वाटायचं! इथली भीती ठरल्या वेळी संपते, दिवे लागतात, हात-पाय जागच्या जागी असतात. म्हणून तर ती इथे यायची. आज दिवे लागले की जास्त भीती वाटत होती.

चौथ्यानंतर फोन चालू केला आणि तो हातातच थरथरला. डॉक्टरांचा मेसेज होता. "सोमवारी सकाळी दहाला ताईंना बोलवा. येताना घरातलं कुणीतरी सोबत असू द्या."

घरातलं कुणीतरी म्हणजे तीच. डॉक्टरांनी सवयीने लिहिलं असणार. धाकटीने नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं आणि शेवटची घंटा झाली तेव्हा ओल्या चेहऱ्याने आत येऊन बसली.

पाचवा सिनेमा सुरू झाला. बऱ्याच वेळाने थोरली हळूच म्हणाली, "छोटे, कधी जायचंय?"

"कुठे?"

"तुमच्या डॉक्टरांकडे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच की. सकाळपासून नऊ वेळा विचारलं मी, गेलं का म्हणून. नऊच्या नऊ वेळा खरं सांगितलंस. एकतीस वर्षांत तू कधी इतकी शहाण्यासारखी वागली आहेस का?"

"सोमवारी," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान हलवली. शालीखाली तिचा हात आला आणि त्या कडक बोटांनी धाकटीचं मनगट धरलं. चिमटा काढला नाही. पडद्यावर जिन्याच्या टोकाशी काहीतरी उभं होतं आणि एकेक पायरी खाली उतरत होतं. थिएटर चिडीचूप झालं. धाकटीने थोरलीच्या ओढणीचं टोक ओढलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर गच्च दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"ताई," तिने विचारलं, "गेलं का गं?"

थोरली डोळे उघडे ठेवून सरळ समोर बघत होती.

"नाही, आहे अजून," ती म्हणाली. "तू नको बघूस. मी बघतेय."