चाक उघडं असताना

साखरपुडा होऊन महिनाही झाला नव्हता. बेगमपेठ विमानतळाच्या कडेला एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मी तेव्हा मेकॅनिक होते. खाजगी विमान कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या आणि आमच्यातलं कोणी ना कोणी सारखं सोडून चाललं होतं. माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. का, ते सांगता येत नव्हतं.

त्या सकाळी शिकाऊ वैमानिकांच्या लहान विमानाचं चाक मी उतरवलं होतं. बेअरिंगं रॉकेलात धुऊन कोरडी केली, एकेक रोलर उजेडात फिरवून पाहिला. कुठे खड्डा नाही, तापल्याचा निळसर डाग नाही. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबायला लागले. दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत दाबत राहायचं असतं. तेवढ्यात चौकीदार म्हणाला, "मॅडम, आपसे मिलने कू कोई अम्मा आए."

दारात माझ्या होणाऱ्या सासूबाई. काचीगुड्याहून एकट्या, ऑटोनं आलेल्या. नमस्कार करायला हात जोडावेत, तर मनगटापर्यंत ग्रीस.

"असू दे, तुझं चालू दे," म्हणत त्या स्टुलावर टेकल्या.

मला वाटलं, माझं काम बघून लग्न मोडायला आल्या. पण त्या पदराशी चाळा करत पुन्हा पुन्हा दाराकडेच बघत होत्या.

"हे सोडवेल तुला?" त्यांनी एकदम विचारलं.

"का सोडायचं, काकू? नोकरी चालेल म्हणाला होतात ना तुम्ही सगळे?"

"तो अमेरिकेला चाललाय. कॉम्प्युटरच्या कंपनीनं घेतलंय. तिथं बायकोला नोकरीची परवानगी नसते म्हणे. लग्न झाल्यावर सांगायचं असं घरात ठरलंय. मला काही राहवेना."

माझा हात थांबला. मग दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा दाबायला लागला, ग्रीस केव्हाच वर आलं होतं तरी.

"तुम्ही मला सांगितलंत हे घरच्यांना कळलं तर?"

"कळू दे," म्हणाल्या आणि बाहेर थांबवलेल्या ऑटोकडे भरभर निघून गेल्या.

मी चाक बसवलं. ते हातानं फिरवत नट आवळला, किंचित सैल केला, पिन घातली. तरी खात्री वाटेना. सगळं पुन्हा उघडून पाहिलं. काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी नल्लकुंट्याला घरी न जाता आधी त्यालाच गाठलं.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "तिथं घर असेल, गाडी असेल. तुला काम करायची गरजच काय?"

मी अंगठी काढून त्याच्या हातात ठेवली.

बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला कोणी सांगितलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही. तो अमेरिकेला गेला. पुढे मीही क्लब सोडून एका खाजगी कंपनीत लागले. तिथली चाकं माझ्या कमरेच्या वर येत. पण चुळबुळ काही गेली नाही. तिथं रुळते न रुळते तोच मी विमान दुरुस्तीच्या पुढच्या लायसन्सची पुस्तकं घेऊन बसले.