सतरा कॅसेटी

माझी सून इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी करून आली की आधी गॅरेजमध्ये कपडे बदलायचे, मगच घरात पाऊल टाकायचं, हा तिनंच घातलेला नियम. जानेवारीतल्या त्या सकाळी ती कपडे न बदलताच गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, जवळ येऊ नका. शेजारचे आजोबा गेले. पहाटे. मी होते तिथं." मी चहा गाळत होतो. "बरं," एवढंच म्हणालो. गाळून झाल्यावर बघतो तर कप दोन भरलेले. एक माझा, दुसरा त्याचा निळा, कान तुटलेला. नऊ महिने रोज सकाळी तो निळा कप मी आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर नेऊन ठेवत होतो... हात सवयीनं चालतो, त्याला बातमी उशिरा कळते.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. विसरलो म्हणून नव्हे. का ते पुढं येईलच. मी त्याला मनात 'पलीकडचा' म्हणायचो, तेच इथं लिहितो.

मी चौथी शिकलेला, देवगडकडचा. चाळीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी होतो. बायको गेल्यावर मुलाचा हट्ट, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आयर्लंडात आलो, केरी परगण्यातल्या ट्रली गावात, आणि सगळं जग बंद झालं तसा इथंच अडकलो. मुलगा वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, सून हॉस्पिटलात, नात इंग्रजीत उत्तर देणार. बोलायचं कुणाशी? एप्रिलात एका दुपारी भिंतीपलीकडून शिव्या ऐकू आल्या. इंग्रजी नव्हे, पोर्तुगीज. ब्राझीलच्या बंदरांत माल उतरवताना त्या शिव्या मी स्वतः खाल्लेल्या, त्यामुळे ओळख लगेच पटली. वाकून पाहिलं तर एक उंच, वाळलेला म्हातारा बटाट्याचा वाफा खणत होता आणि खोऱ्याचा दांडा मोडला होता. मी पोर्तुगीजमध्ये "शुभ सकाळ" म्हणालो. त्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "दुपारचे तीन वाजलेत." पहिलं बोलणं हे, आणि पुढंही आमचं सगळं मोडक्या पोर्तुगीजमध्येच. दुसऱ्या दिवशी मी त्याला दांडा बसवून दिला. दोन मीटर अंतर ठेवायचं म्हणून खोरं भिंतीवर ठेवायचं, मागं सरायचं, मग दुसऱ्यानं पुढं यायचं. चहाचंही तसंच सुरू झालं.

तो पाद्री होता, म्हणजे एके काळी. पंचवीस वर्षं ब्राझीलच्या उत्तर टोकाच्या जंगलात, यानोमामी नावाच्या लोकांत राहिलेला. धर्म शिकवायला गेला आणि झगा काढून परत आला. "त्यांनी मला शिकवलं, मी काय शिकवणार," म्हणायचा. ते लोक एका मोठ्या गोल घरात सगळे मिळून राहतात, मध्ये मोकळं अंगण, भोवती झोपाळ्यासारख्या जाळीच्या खाटा. त्यांच्यात जाणता माणूस असतो, आपल्याकडच्या भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्यासारखा. एका झाडाच्या सालीची पूड दुसऱ्याकडून नळीनं नाकात फुंकून घेतो, मग गातो, नाचतो, आणि त्याच्या गाण्याला भुलून जंगलातली भुतंदेवं खाली येतात. धुळीच्या कणाएवढी, पण झगमगणारी. ती माणसाचा आजार उपसून काढतात. "आणि आकाश पडू नये म्हणून धरूनही ठेवतात," तो म्हणाला. मी हसलो. तो नाही हसला. "जाणते सगळे मेले की आकाश पडणार, असं ते म्हणतात. तू पंचाहत्तरीचा आहेस, वर बघ, काही फार भक्कम वाटतं का तुला?" त्या दिवशी केरीचा पाऊस नेहमीसारखा आडवा येत होता. मी वर बघितलं नाही.

मला त्यांच्या राजकारणात जास्त रस. आमच्या गावकीत शिमग्याच्या पालखीचा पहिला खांदा कुणाचा यावरून दोन घराणी अकरा वर्षं कोर्टात, आणि त्यातल्या एका घराण्याकडून सही माझीच आहे. मी विचारलं, "तिथं मान कुणाचा?" तर म्हणाला, तिथं मुखिया असतो, पण त्याला हुकूम सोडता येत नाही. पहाटे आपल्या खाटेवरून मोठ्यानं बोलतो, आज शिकारीला जावं, आज लागवड करावी. कुणाला पटलं तर उठतो. नाही पटलं तर लोक कूस बदलतात. म्हणून आधी त्यालाच उठावं लागतं.

"मग तो मुखिया कसला? आमच्याकडे असला मुखिया असता तर कुत्रंसुद्धा..."

"तुमच्याकडे पालखी कुणी उचलली अकरा वर्षांत?" त्यानं विचारलं.

मी कप उचलून आत गेलो. दोन दिवस भिंतीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं चार बटाटे भिंतीवर ठेवले होते. सगळे बारके. "चांगले मी खाल्ले," म्हणाला.

मेलेल्यांचं तो सगळ्यात शेवटी सांगायला लागला. त्यांच्यात मेलेल्याचं नाव कुणी घेत नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या आईनं जिवंत नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही, मेलेल्याचं दूरच. पण त्यांचं त्याहून पुढचं. प्रेत जाळतात, हाडं कुटून पूड करतात, आणि पुढं मोठ्या जेवणाला आसपासच्या मित्रगावांना बोलावून ती राख केळ्यांच्या पेजेत घालून पितात. जवळचे पितात, मित्र पितात. ज्यानं प्याली तो आपला. रुसवे मिटतात तेही तिथंच, आणि कुणी मारलेला असेल तर सूड घ्यायचं ठरतं तेही तिथंच. त्या माणसाचं सगळं मोडतात, धनुष्य, खाट, त्यानं लावलेली झाडंसुद्धा. काही म्हणता काही उरू द्यायचं नाही. उरलं तर मेलेला परत परत येतो, आणि जिवंतांचं रडणं संपत नाही.

मी कप खाली ठेवला. "छी! माणसाची राख प्यायची?"

"तुम्ही काय करता?"

"समुद्रात सोडतो."

"मग ती मासा खातो, आणि मासा तू खातोस. आम्ही निदान मध्ये मासा घालत नाही." तो 'आम्ही' म्हणाला. हसता हसता त्याला खोकला आला आणि मी दोन मीटरवरून नुसता बघत राहिलो.

तिथल्या एका जाणत्यानं त्याला मलेरियातून उठवलं होतं, मुलगा मानलं होतं. त्या जाणत्याची गाणी यानं टेप केली, सतरा कॅसेटी. पुढं तो जाणता गेला. त्याच्या मुलांनी सगळं जाळलं, आणि याच्याकडे येऊन म्हणाले, तुझ्या पेटीत आमच्या बापाचा गळा आहे, तोही जाळ. यानं सांगितलं, जाळला. आणि पेटी घेऊन आयर्लंडात आला. "मी पाद्री होतो," तो म्हणाला, "आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी अशा माणसांशी बोललो, ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. तीस वर्षं दर हिवाळ्यात ठरवतो. पेटी उघडतो, एक कॅसेट ऐकतो, पेटी बंद करतो. तो म्हातारा मेलेला असूनही अजून माझ्या कपाटात अडकून पडलाय."

मी म्हणालो, "एवढंच ना? दे इकडे. रॉकेल आणि काडी. पाच मिनिटांचं काम." खरंच तसं म्हणालो मी.

२०२०च्या उन्हाळ्यात त्याला तिकडून फोन आला. नदीत सोनं शोधणारे हजारोंनी घुसले होते, त्यांच्याबरोबर हा नवा रोग जंगलात शिरला. आजारी माणसं शहरात नेली, आणि जी मेली ती शहरातच पुरली. आया हॉस्पिटलच्या बाहेर बसून राहिल्या, बाळ कुठं पुरलं तेही कुणी सांगेना. पुरणं म्हणजे त्यांच्या लेखी माणूस मातीत सडत ठेवणं, त्याला वाट न देणं. जाळणं नाही, कुटणं नाही, पिणं नाही. हे सांगताना तो भिंतीला टेकला. अंतर वगैरे विसरला. मग म्हणाला, "शहरवाल्यांनी त्यांची माणसं अडकवली... आणि मी? मीही तेच केलं. नुसतं पुरलं नाही, कपाटात ठेवलं."

नाताळनंतर त्याला ताप आला. अँब्युलन्सची वाट बघताना तो मास्क लावून बाहेर आला आणि एक पत्र्याची पेटी भिंतीवर ठेवली. मी मागं सरलो होतो. "तू हट्टी आहेस," म्हणाला, "म्हणून तुझ्याकडे. आणि मी गेलो तर माझंही नाव घेऊ नकोस. जाऊ दे मला."

"कुठं जातोस? बटाटे कोण लावणार?" मी म्हणालो. आमचं शेवटचं बोलणं हेच.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. इथं मढ्याच्या उशाशी बसून, चहा पीत, गोष्टी सांगत निरोप द्यायची रीत आहे, तीही बंद. लोक रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभे राहिले. काळी गाडी आमच्या दारावरून हळू गेली आणि माझ्या तोंडून त्याच्या नावाची हाक गेली. बोटीवर डेकच्या या टोकावरून त्या टोकाला मारतो तशी. सगळे वळून बघायला लागले. मुलानं माझं कोपर धरलं. एकच गोष्ट सांगितली होती मला त्यानं, आणि तीच मी मोडली. म्हणून आता लिहीत नाही.

आठवड्याभरात त्याच्या पुतणीचा डब्लिनहून फोन आला. कॅसेटी एका विद्यापीठाला हव्या होत्या, शनिवारी घर आवरायला येईन तेव्हा पेटी घेऊन जाईन, म्हणाली. ती आमच्याकडे आहे हे मुलानंच तिला कळवलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, देऊन टाका. जगात दुसरीकडे नसेल असं काहीतरी आहे ते. लोक अभ्यास करतील."

"आवाज ज्याचा, त्याच्या मुलांनी जाळ म्हणून सांगितलंय."

"कुणाच्या मुलांनी? तुम्ही त्यांना ओळखता तरी का?"

"नाही ओळखत," मी म्हणालो. "म्हणूनच."

शुक्रवारी मागच्या अंगणात जुनी लोखंडी बादली घेतली. पेटीत कॅसेटींबरोबर छोटा टेपही होता. ऐकायचं नाही असं ठरवून बसलो होतो... एक लावलीच. आधी जंगलाची किरकिर, मग एका म्हाताऱ्याचा आवाज. शब्द एक कळला नाही. पण दम संपत आला की छातीतून जो हुंकार येतो, तो माझ्या चुलत्याचा होता. चुलता घाडी होता आमचा, आणि मी चार बंदरं बघून आल्यावर भर देवळात त्याला हसलो होतो. मग गाणं थांबलं आणि एक तरणा आवाज काहीतरी विचारायला लागला, चुकत, अडखळत. म्हातारा त्याला हसला. तोही हसला. तेच हसणं, शेवटी खोकल्यात जाणारं. पलीकडचा होता तो, तिशीतला. मी बटण दाबलं. ती कॅसेट बाजूला ठेवली आणि बाकीच्या सोळा बादलीत टाकल्या. तीस वर्षं त्याला का जमलं नाही ते मला तेव्हा कळलं. पाच मिनिटांचं काम म्हणालो होतो मी! अर्धा तास ती एक कॅसेट मांडीवर घेऊन पावसात बसलो. मग तीही टाकली, रॉकेल ओतलं आणि काडी ओढली.

काळाकुट्ट धूर झाला. समोरची बाई दारात येऊन, ठीक आहात ना म्हणून ओरडली, "यू ग्रँड देअर?" मी हात केला. मुलगा वरून धावत आला, इथं असं प्लॅस्टिक जाळणं गुन्हा आहे म्हणून ओरडला, आणि माझं तोंड बघून परत वर गेला.

पुतणी शनिवारी आली. मी तिला खरं सांगितलं. तिनं पेटी उघडून बघितली. मग म्हणाली, "ते फक्त त्याचं नव्हतं."

"बरोबर," मी म्हणालो. "त्याचं नव्हतंच."

"त्यात त्याचाही आवाज होता. आमच्याकडे दुसरा कुठं नाही. एकही नाही."

"माहीत आहे. मी ऐकला."

मास्कवरून तिचे डोळे तेवढे दिसत होते. ती गाडीत जाऊन बसली आणि बराच वेळ गाडी सुरू झाली नाही. माझं चुकलं असं मी तिला म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. पण ती गाडी सुरू होईपर्यंत मला खिडकीतून हलता आलं नाही.

आता मार्च आहे. विमानं सुरू झाली की मी गावी जाणार. पलीकडच्या घरावर विक्रीची पाटी लागली आहे, वाफ्यात तण माजलंय. कॅसेटींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं राख होईल. प्लॅस्टिकची राख होत नाही. बादली उपडी केली तर नारळाच्या करवंटीएवढा काळा गोळा निघाला, कुटायला गेलो तर हातोडी उसळली. तो मी भिंतीवर ठेवलाय, निळा कप ठेवायचो त्या जागी. सहा आठवडे पाऊस पडतोय, त्याला काही होत नाही. आत दोघं आहेत, एक म्हातारा आणि एक तरणा, आणि मी त्यांना वाट देऊ शकलो नाही.

राख झाली असती तर चिमूटभर मी माझ्या चहात घातली असती. छी म्हणालो होतो, तरीही. कुणाला सांगितलं नसतं.