दगडाळ रान ओलं दिसतं

"माती उकरायचं काम हिच्याकडे. मेंढपाळाची पोर, मातीतलीच. डोक्याचं काम आपली मुलं करतात."

सर पाहुण्यांना सांगत होते. पाहुणे हसले. सांगलीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. मी भट्टीतून वाळलेल्या मातीचे डबे काढत होते. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून वाटते.

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मी विद्युत अभियंता. उपग्रह सूक्ष्मलहरी सोडतो, त्या जमिनीवर आपटून परततात. त्यावरून रानात ओल किती, हे ओळखायचं. विषय मी निवडलेला. मी दुष्काळी माणची. ओल नसणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

उपग्रह माणवरून जायचा त्या दिवशी मी माळावर. एकटी. कुदळ, डबे, तराजू. माती तोलायची, कॉलेजात भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची; घटलेलं वजन म्हणजे ओल. दिवसभर तोंड उघडायचं कारण नाही. हॉस्टेलवर आले की मुली खिडकी उघडत. "बकऱ्यांचा वास येतो गं." मी सगळ्यांच्या नंतर जेवायचे.

उपग्रहाचे आणि मातीचे आकडे जुळेनात. ठणठणीत कोरडं रान संगणकावर ओलं दिसे. दोन उन्हाळे असेच गेले. मग एका दुपारी बसल्या जागी दगड टोचला, आणि कळलं. खडबडीत जमीन लहर जास्त परतवते. गणित त्यालाच ओल समजत होतं.

गणित बदललं. जुळलं! सांगायला कोणी नव्हतं. माळालाच मोठ्यानं सांगितलं.

सरांनी शोधनिबंध लिहिला. नावं दोन. त्यांचं, आणि त्यांच्या मित्राच्या मुलाचं. तो मुलगा माणला एकदाही आला नव्हता. माझं नाव आभारात. 'मातीचे नमुने गोळा करण्यास मदत.'

"हरकत नाही म्हणून सही कर," सर म्हणाले. "तुझ्या डिग्रीचं मी बघतो."

कागद घेऊन बाहेर आले. वडिलांना, आबांना, फोन लावला. ते मेंढरांमागं होते.

"आबा, माझं काम दुसऱ्याच्या नावावर चाललंय."

वाऱ्यात ते मोठ्यानं बोलले.

"आमी मेंढराच्या कानाला खूण करतो, बाय. तुज्या कामावर तुजी खूण हाय का न्हाई?"

"हाय. आकड्यांच्या, गणिताच्या तीन वह्या हायत."

"मग भितीयास कशाला?"

परत आत गेले. कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी.

"सर, गणित माझं आहे. सही करणार नाही."

"मग दुसरा मार्गदर्शक शोध. बघू कोण घेतं."

कुणी घेतलं नाही. ज्यांना विचारलं ते सरांचे स्नेही निघाले. बरोबरीचे फोन उचलेनात. हॉस्टेलची खोली गेली. निबंध छापून आला, त्याच दोन नावांनी.

आता साताऱ्यात एका खोलीत राहते. तासांवर शिकवते. चहा एकटीचाच.

वह्यांच्या प्रती जोडून विद्यापीठाकडे तक्रार केलीय. परवा एक प्राध्यापक म्हणाले, "मिटवून टाका मॅडम. आयुष्य पडलंय."

पडलंय ना. म्हणूनच मिटवणार नाही. चौकशीला बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर रोज विद्यापीठाच्या दारात उभी राहीन. सोबत कुणी येणार नाही, हे धरूनच निघालेय.