नातवाच्या डब्यातले लाडू

"हे सगळं घेऊन जा तुझ्या घरी. तुमच्याकडे चालतं."

काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली. आत शेंगदाणे, दाण्याचं कूट, चिक्कीचं अर्धं पाकीट, दाण्याची चटणी. त्यांचा नातू परदेशातून यायचा होता आणि त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. म्हणून सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं होतं. कपाटं पुसली. डबे उकळत्या पाण्यातून काढले. मिक्सरचं भांडंसुद्धा नवं आणलं. पुसायला मी, उकळायला मी. आणि घरातून काढलेलं ते विष न्यायलाही मीच.

मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे दाणा येतच नाही. माझ्या मुलीला त्रास होतो. दिवाळीच्या चिवड्याच्या वेळी सांगितलं होतं मी तुम्हाला."

काकू हसल्या. वाईट नाही हसल्या. लहान मूल काहीतरी बोललं की हसतो ना, तशा. "अगं, तुमच्या मुलांना कसली आलीय अ‍ॅलर्जी! मातीत वाढलेली मुलं ती. ने, चांगले दाणे आहेत. टाकवत नाहीत."

मी पिशवी घेतली.

घेतली, कारण दिलेलं घ्यायचं असतं. शिवाजी पार्कच्या त्या घरी मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचे. काम चांगलं होतं, पगार वेळेवर होता. समोरच्याने प्रेमाने पुढे केलेलं 'नको' म्हणणं म्हणजे उद्धटपणा, हे मला आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. म्हणून मी आयुष्यभर घेत आले. हळदीकुंकवाला मिळालेली चिक्की, सत्यनारायणाचा शिरा, बारशाचा लाडू. हसून घ्यायचं, पदराखाली धरायचं, आणि घरी पोचायच्या आधी कुठेतरी सोडून यायचं. ती पिशवी मी दादरला फुलवाल्या मावशीला देऊन टाकली. तिला वाटलं, काय चांगली बाई आहे. मी नळावर हात धुतले, बोटांचा वास घेतला, परत धुतले आणि मग लालबागची बस पकडली.

माझी मुलगी तन्वी. बालवाडीत असताना कुणीतरी तिला वाढदिवसाची चिक्की दिली. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या आणि छातीतून शिट्टी वाजावी तसा आवाज यायला लागला. तिला कडेवर घेऊन परळच्या सरकारी हॉस्पिटलात मी अक्षरशः धावत गेले. डॉक्टर पोरसवदा होती, पण तिने मला बसवून नीट सांगितलं. शेंगदाणा घरात नको. कूट नको, चव घ्यायलासुद्धा नको. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. हे शेवटचं वाक्य माझ्या पाठीमागे चोवीस तास चालतं.

तिच्या पाठचा ओम. त्याला गहू चालत नाही. पोट बिघडतं, अंग खाजून खाजून रक्त काढतो. मी दिवसभर काकूंकडे गव्हाच्या पोळ्या लाटायचे, आणि घरी आल्यावर नखांतली कणीक काढल्याशिवाय त्याला जवळ घ्यायचे नाही.

आता दाणा नाही आणि गहू नाही म्हटलं की लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, भात खा. गरिबाचं पोट कशावर भरतं ते त्यांना माहीत नाही. ते भरतं पावावर. वडापाववर. रेशनच्या गव्हावर. भाजी पुरत नसेल तर कूट घालून वाढवायची, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक. स्वस्त जे जे आहे ते माझ्या घरात बंद. रेशनचा गहू मी शेजारच्या वहिनींना देते आणि त्यांच्याकडून तांदूळ घेते. त्या मोजताना नेहमी माप थोडं आखडतात. मला दिसतं. मी बोलत नाही.

आणि वाण्याकडे तर रोजचं भांडण. सुटं धान्य स्वस्त, पाकीट महाग. पण सुट्या धान्यात एकच माप सगळ्या पोत्यांतून फिरतं. दाण्याच्या पोत्यातून निघालं की तांदळात, तांदळातून तिळात. मी म्हणायचे, "शेठ, नवीन पोतं फोडाल तेव्हा द्या." तो गिऱ्हाइकांसमोर ओरडायचा, "बाई, तुझ्यासाठी रोज नवीन पोतं फोडू काय? पाकीट घे ना मग!" मागे उभ्या बायका हसायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच चाळीतल्या.

हळूहळू आम्हाला बोलावणं बंद झालं. वाढदिवसाला तन्वीला कुणी बोलवेना. 'तिची आई फार कटकट करते, सगळं विचारत बसते.' गॅलरीत सगळी पोरं एकत्र खायला बसायची तेव्हा ती आपला डबा घेऊन घरात बसायची. मी सांगितलं नव्हतं तिला. तीच शिकली. मुलगी असं काही आपणहून शिकली की आईला रडूसुद्धा येत नाही, नुसता राग येतो. कुणावर काढायचा तेही कळत नाही.

तर काकूंचा नातू आला. तन्वीएवढाच. मी घरी येऊन तन्वीला सांगितलं, की त्यालापण दाणे चालत नाहीत.

ती उठून बसली. "त्यालापण? माझ्यासारखं?"

"हो."

"त्याचेपण ओठ सुजतात?"

"हो गं."

तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. जगात आपण एकटीच अशी आहोत, असं या पोरीला इतके दिवस वाटत होतं. मग रोज विचारायची. आज काय खाल्लं त्याने? शाळेत त्याला वेगळं बसवतात का? त्याची आई ओरडते का दुकानदारावर? मी सांगायचे.

आणि खरं बोलायचं तर मीही तशीच झाले होते. त्या मुलाची आई, मी तिला वहिनी म्हणायचे, प्रत्येक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची. पोरगा खोकला की हातातलं टाकून धावायची. मी तिला बघत राहायचे. ही भीती माझ्या ओळखीची होती. मला वाटायचं, एकदा तरी हिच्याशी बोलावं. वहिनी, तुम्हालापण झोपेतून उठून पोराच्या श्वासाला कान लावावासा वाटतो का? एकदा धीर करून म्हटलं, "माझ्या मुलीचंही असंच आहे." ती म्हणाली, "ओह, खरंच?" आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली. बोलणं राहिलं ते राहिलंच.

संक्रांत आली. यंदा काकूंच्या घरात दाणा नाही, म्हणून तिळाचे लाडू मी दाण्यांच्या जागी डाळं घालून केले. पाकिटातले तीळ, चिक्कीचा गूळ, खोबरं, वेलची. चटके सोसत वळले. स्टीलचा मोठा डबा भरला. वळताना मनात एकच चाललं होतं. हे माझ्या तन्वीला चालतात. घरी करायचे तर पाकिटातले तीळ परवडत नव्हते, आणि वाण्याच्या तिळावर माझा विश्वास नव्हता. तिने जन्मात तिळाचा लाडू खाल्ला नव्हता. मी तिला सांगून आले होते, की आज आणते. त्या मुलाचेच लाडू, त्याच्याच डब्यातले. ती शाळेत जाताना जिन्यातून परत वर आली होती, नक्की ना, विचारायला.

संध्याकाळी काकूंकडे हळदीकुंकू. दिवाणखाना बायकांनी भरलेला. वहिनी सोफ्याच्या कडेला, मुलगा तिच्या मांडीवर. सगळ्यांचं झाल्यावर काकूंनी मला आतून बोलावलं. हळदकुंकू लावलं, वाण दिलं. मी हळूच म्हटलं, "काकू, मी केलेल्यातले चार लाडू द्याल? मुलीसाठी हवेत."

"ते त्याचे आहेत गं," काकू म्हणाल्या. "जाईपर्यंत पुरवायचेत. तुमच्यासाठी वेगळे आणलेत ना मी."

त्यांनी बाहेरच्या दारापाशी जाऊन चपलांच्या कपाटावरचा खोका उघडला. दुकानातला. वॉचमन, दूधवाला, कचरेवाला आणि मी, आमच्यासाठीचा. वरूनच दाण्याचे तुकडे दिसत होते. नातवाचा हात लागू नये म्हणून तो खोका त्यांनी घरात घेतला नव्हता. त्यातला लाडू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"काकू, ह्यात दाणे आहेत. माझ्या मुलीला चालत नाहीत."

काकू बायकांकडे वळल्या. "बघा. हल्ली सगळ्यांनाच अ‍ॅलर्जी. आपल्याकडे ऐकतात आणि घरी जाऊन तेच!"

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "यांची मुलं दगड पचवतील हो."

मी वहिनीकडे पाहिलं. त्या खोलीत एकटी तीच होती जिला माहीत होतं. तिने फक्त एवढं म्हणायचं होतं, आई, द्या त्यांना. ती मुलाचे केस सारखे करत बसली. मान वर केली नाही.

त्या क्षणी मला काकूंचा राग आला नाही. त्यांना कळतच नव्हतं. कळणारी गप्प बसली, ते मला लागलं. या घरात एकाच दाण्याने एका पोराचा जीव जातो आणि दुसरीचा जात नाही. त्याला होतो तो आजार, तिला होतो तो नखरा. त्याच्यासाठी भांडी उकळायची, तिच्यासाठी चपलांच्या कपाटावरचा खोका. आणि ही भांडी उकळणारी मी, हसत हसत पदर पुढे करणारीही मीच.

मी लाडू खोक्यात परत ठेवला.

काकूंचा आवाज चढला. "सणाच्या दिवशी तिळगूळ परत करतेस?"

"हो. मला नको."

"अगं, घे आणि हवं तर टाकून दे. पण असं तोंडावर..."

"आजवर तेच केलं काकू. घेतलं आणि टाकलं. आता घेणार नाही. आणि माझ्या मुलीच्या जिवावर कुणी हसलं तर गोडही बोलणार नाही."

मी वाणही तिथेच ठेवलं, चपला घातल्या आणि जिना उतरले. बसस्टॉपवर रडले. तन्वीला काय सांगू, या विचाराने रडले.

ती दारातच होती. "आणले?"

खोटं तोंडापर्यंत आलं होतं. संपले, सांडले, काहीही. पण म्हटलं, "नाही. त्यांनी दिले नाहीत."

"का?"

"त्यांना वाटतं, तुला काही होत नाही."

ती म्हणाली, "मी त्या मुलाकडे मागितले असते तर त्याने दिले असते?"

"माहीत नाही गं मला," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

नवरा कामावरून आला. मी तिथे परत कामाला जाणार नाही, हे ऐकून डोक्याला हात लावून बसला. "चार लाडवांसाठी बरा काम सोडलंस? आता महिन्याचा कसा भागतला?" त्याचं चुकत नव्हतं. तोही दमलेला. पण मी सांगितलं, काम लाडवांसाठी नाही सोडलं. तो कूस वळवून झोपला. त्या घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, आणि माझ्या घरातही नव्हतं.

दोन दिवसांनी वहिनीचा मेसेज आला. 'त्या दिवशीबद्दल सॉरी. आई जुन्या वळणाच्या आहेत. प्लीज कामावर या, तुमच्याशिवाय त्याच्या खाण्याचं कुणावर सोपवायला भीती वाटते.' मी पुन्हा पुन्हा वाचला. मनात आलं, जावं. त्या पोराचा काय दोष. पगारही आठवला. पण माझ्या मुलीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी लिहिलं, 'वहिनी, तुम्ही तिथेच बसला होतात.'

परवा प्रभादेवीला एका घरी कामासाठी गेले. बाई बऱ्या वाटल्या. पगार, सुट्ट्या, सगळं बोलणं झालं. मग मी म्हटलं, "माझंही ऐकून घ्या. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. खाल्ला तर श्वास बंद होतो. मुलाला गहू चालत नाही. उरलेलं, सणाचं, प्रसादाचं, काही मला देऊ नका. मी घेणार नाही, आणि कुणी जबरदस्ती केलेली चालणार नाही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, तुम्ही काम मागायला आलात की अटी घालायला?"

"दोन्हीला," मी म्हटलं.

'कळवते' म्हणाल्या. कळवणार नाहीत, ते त्यांच्याही डोळ्यांत दिसलं आणि मलाही दिसलं. दार लागलं. महिना संपत आलाय, घरात तांदूळ तळाला गेलाय, आणि शेजारच्या वहिनी माप आखडणार आहेत.

यावेळी मी त्यांना परत मोजायला लावणार आहे. वाण्याला नवीन पोतं फोडायला लावणार आहे, बायका हसल्या तरी. तन्वीच्या वर्गात जाऊन बाईंसमोर, पोरांसमोर मोठ्याने सांगणार आहे, आणि तिलाही मोठ्याने 'नको' म्हणायला शिकवणार आहे. लोक उद्धट म्हणतील. म्हणू देत. मी जिना उतरले आणि काम विचारायला समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरून पहिल्या मजल्यावरची बेल दाबली.