तळ्याकाठचं गवत

कुरवंड्याला लग्न होऊन आले ते वर्ष मला अजून धुक्यातूनच दिसतं. माझं माहेर आंबीचं, सपाटीवरचं. इथे सकाळी दार उघडलं की अंगण नसायचंच, नुसतं पांढरं. गुरं आधी ऐकू यायची, मग दिसायची. भातखाचरांच्या खाली एक तळं होतं. दिवाळीनंतर सगळा डोंगर पिवळा पडला तरी त्याच्या काठचं गवत हिरवंगार राही. घरच्या दोन गाभण गायी, एक तांबडी, एक काळी, गुडघाभर पाण्यात उतरून ते गवत खात. मी बांधावर बसून त्यांच्या पाठींवरून धुकं सरकताना बघत राही. इतकी शांत मी पुढे कधी बसले नाही.

मार्गशीर्षात तांबडी गाभडली. सहावा महिना होता. सकाळी गोठ्यात गेले तर वासरू पडलेलं, अंगावर नीट केसही न आलेलं, आणि गाय त्याला सावकाश चाटत होती. पंधरा दिवसांनी काळीही गाभडली.

सासूबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "हिचा पाय घरात आला आन् दावनीला वासरू न्हाई. गोठ्यात पाऊल टाकू नगंस."

माझे मालक घाटात रेल्वेलाइनीच्या कामावर असत, आठवड्याने घरी येत. दाद मागायला कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या पायगुणाचं मलाही पटू लागलं होतं. मला तिसरा महिना होता, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी डोळा लागला की तांबडी गाय स्वप्नात यायची आणि माझ्या पोटावरून तिची खरखरीत जीभ फिरवायची. जागी झाले तरी ती ऊब अंगावर राहायची. ती माया होती की इशारा, मला कळत नसे.

पौषात तांबडी खंगली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली, आणि एके दिवशी ती उठलीच नाही. मेलेली गुरं ओढून नेण्याचं काम तेव्हा महारवाड्यावर लादलेलं होतं. तिथला एक म्हातारा चार माणसं घेऊन आला आणि गाय ओढ्यापलीकडे घेऊन गेला.

दुपारी मी जळणाला गेले, तर पायांनी मला तिकडेच नेलं. म्हातारा एकटाच कातडं सोलत होता. मी लांबूनच विचारलं, "बाबा, कशानं मेली वं ही?"

त्यानं मान वर केली. मला वाटतं, हा प्रश्न त्याला आजवर कुणी केला नसावा. त्यानं गाईचं काळीज, म्हणजे यकृत, एका पानावर ठेवलं आणि सुरीनं चिरलं. आतून चपटे, करड्या रंगाचे किडे बाहेर आले. बारक्या पानांसारखे, आणि हळूहळू वळवळणारे.

"तळ्यावर चरनाऱ्या ढोरांत हेच निघत्यात," तो म्हणाला. "वर डोंगरावर चरनाऱ्यांत न्हाई. लय वर्सं बघतोय."

"मग सांगितलं का न्हाई कुनाला?"

"कुनी इचारलं न्हाई, बाई."

त्या संध्याकाळी मी रीत मोडून थेट सासऱ्यांपुढे उभी राहिले. डोक्यावरचा पदर घट्ट धरून सगळं सांगितलं. सकाळी धुक्यात उतरून ते स्वतः महारवाड्याच्या वाटेला गेले. मग ते आणि म्हातारा, दोघं काळजाचा तुकडा पळसाच्या पानांत बांधून लोणावळ्याहून गाडीनं तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, म्हातारा बरोबर सांगतो. हा किडा आधी पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, मग काठच्या गवताला चिकटतो, गवताबरोबर गुरांच्या पोटात जातो आणि काळजात शिरून रक्त पितो. "गाईच्याच अंगात रक्त उरलं नाही, ती वासरू कशावर पोसणार? बहुतेक म्हणूनच गाभडल्या," असं ते म्हणाल्याचं सासऱ्यांनी ओटीवर बसून सांगितलं. आत चुलीपाशी सासूबाई ऐकत होत्या. फुंकणी हातातच राहिली होती.

काळीला औषध मिळालं. तळ्याला करवंदीच्या काट्यांचं कुंपण पडलं. गुरांना झऱ्याचं पाणी आम्ही घागरींनी आणू लागलो. गावातले काही हसले, मग दोघातिघांनी येऊन कुंपणाला काटे दिले. सासूबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. एक दिवस एवढंच म्हणाल्या, "गोठ्यात ये. काळीला तुझ्याच हातानं कोंडा घाल." तेव्हा मी त्यांना माझं सांगितलं. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि घागर माझ्या हातातून काढून घेतली.

आषाढात मला मुलगी झाली. पुढच्या वर्षी काळी भरल्या दिवसांची व्याली. पांढऱ्या कपाळाची कालवड.

पहिला चीक म्हाताऱ्याला द्यायचं सासऱ्यांनी ठरवलं. तो अंगणाच्या कडेला पितळी घेऊन उभा राहिला. मी चरवी वर धरली आणि चीक लांबून, उंचावरून त्याच्या पितळीत ओतला. सगळे तसंच करत, मीही तसंच केलं. पिवळी दाट धार बराच वेळ पडत राहिली. तो म्हणाला, "वासरी जगल, बाई," आणि भांडं दोन्ही हातांनी सांभाळत धुक्यात उतरून गेला.