काळी पट्टी आणि ठवकर मॅडमांची काळजी

डॉ. यमुनाताई ठवकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती संशोधनासाठीच्या मुलाखतीत. भौतिकशास्त्राची सगळी तयारी करून गेलो होतो. मॅडमांनी अर्ज पाहिला आणि विचारलं, "कन्हानहून रोज येशील? त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक किती असतात! गाडीने येशील की बसने?" बसने म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला. मला वाटलं, यांना विद्यार्थी नकोच असावा. पुढे कळलं, मॅडम ज्याची काळजी करू लागतात त्याला त्यांनी आपलं म्हटलेलं असतं.

अशा गौरवग्रंथात धैर्याबद्दल लिहायची रीत आहे. मी मात्र मॅडमांच्या घाबरेपणाबद्दल लिहिणार आहे, आणि तेही आदराने.

त्यांचं काम सिरॅमिक अतिवाहकांवरचं. यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडचं हे काळं सिरॅमिक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलं की त्याच्यातून वीज विनारोध वाहते. पण ते कपबशीसारखं ठिसूळ. दुसऱ्या द्रव्याची थोडी मात्रा मिसळली, म्हणजे डोपिंग केलं, की त्याचे गुण पालटतात. जस्त तांब्याची जागा बळकावतं आणि अतिवाहकतेलाच धक्का लावतं. चांदी मात्र बहुतेक कणांमधल्या फटींत जाऊन बसते. त्यामुळे सिरॅमिक कणखर होतं, एका कणातून दुसऱ्यात वीजही सुखाने जाते. चांदी फार झाली तर पुन्हा क्षमता घटते. हे प्रमाण कुठे साधायचं, हा मॅडमांचा अनेक वर्षांचा ध्यास, आणि तोच माझ्या प्रबंधाचा विषय.

प्रबंधाची मुदत जवळ आली असताना या सिरॅमिकची माझी एक पट्टी अप्रतिम निघाली. चांदी कमी, तरी वाकवण्याच्या चाचणीत त्याच मिश्रणाच्या, तिच्या जोडीच्या पट्ट्या टिकलेल्या, आणि विजेची क्षमता सगळ्यांत जास्त. पुण्याच्या परिषदेत तिच्यावरचा निबंध स्वीकारलाही गेला. विभागात पेढे वाटले गेले. मॅडमांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"ही पट्टी किती वेळा थंड केलीस?"

"मोजमाप घेतलं तेव्हा, एकदा."

"यंत्रात बसवल्यावर ती एकदाच थंड होणार आहे का रे?"

"मॅडम, परिषद तोंडावर आली आहे. दुसरीकडेही हेच काम चालू आहे. आपण मागे पडू."

"पडू दे. मले चैन नाही पडून राहिलं."

मॅडम घाबरल्या की त्यांची भाषा माहेरी, भंडाऱ्याला जाते. तिथे वाद चालत नाही.

आम्ही पट्टी पुन्हा पुन्हा थंड करू लागलो. खोलीच्या खिडक्या सताड उघड्या. नायट्रोजन साठून जीव गुदमरेल म्हणून मॅडम त्या स्वतः तपासत. पट्टी बुडवायची, खळबळ शांत होऊ द्यायची, मोजायचं, बाहेर काढून कोरड्या हवेत निवांत तापू द्यायचं आणि परत बुडवायचं. मॅडम टेबलाची कड धरून उभ्या असत. आधी मला राग येत होता, मग त्यांची भीती मलाही लागली. क्षमतेचा आकडा किंचित उतरला. जोडणी सैल असेल म्हणून मी तारा नव्याने लावल्या. आकडा आणखी उतरला. जेवणानंतर पट्टी बाहेर काढताना 'टिक्' असा बारीक आवाज झाला आणि चिमट्यात अर्धीच पट्टी आली.

मी स्टुलावर बसलो.

"बरं झालं," मॅडम हळूच म्हणाल्या, "इथंच मोडली."

त्यात बरं काय, ते मला तेव्हा मुळीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पुण्याला फोन लावला. निबंध मागे घेतो आहोत, माझीच घाई झाली, असं दोष स्वतःकडे घेऊन सांगितलं. घाई कुणाची होती हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर आम्ही जास्त चांदीच्या पट्ट्या घेतल्या. त्यांची क्षमता कमी, म्हणून मी त्या बाजूला टाकल्या होत्या. त्या मात्र टिकल्या. पुन्हा पुन्हा थंड होऊनही त्यांचा आकडा फारसा हलला नाही. प्रबंध बदलला, मुदत वाढवून घ्यावी लागली. तोंडी परीक्षेत 'पट्टी किती वेळा थंड केली' हा प्रश्न येणार म्हणून मी तयारीत होतो, पण कुणी विचारलाच नाही. बाहेर येऊन जरा हिरमुसून मॅडमांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. जेवलास का?"

त्या वाढलेल्या मुदतीतच माझ्या वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मॅडम वरण-भाताचा डबा घेऊन सकाळीच दवाखान्यात हजर झाल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला ऑपरेशन कुठवर आलं ते विचारू लागल्या. शेवटी माझ्या आईनेच त्यांना हात धरून बाकावर बसवलं. "मॅडम, तुम्हीच अशा घाबरून राहिल्या तं आम्ही कोणाकडं पाहाव?" मॅडम ओशाळून हसल्या. मग वडील बाहेर येईस्तोवर दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. त्या दिवशी आम्हां घरच्यांना जो धीर आला तो कुठल्याही शूर माणसाने दिला नसता.

मॅडमांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. संपादकांनी लेखाचा शेवट शुभेच्छांनी करायला सांगितलं आहे, आणि तेच मला जड जातं आहे. येत्या आठवड्यात मॅडमांच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. आता मी शिकवतो त्या कॉलेजात काल त्यांचा फोन आला होता.

"तू येऊ नको गा. तुझ्या कॉलेजात परीक्षा सुरू आहेत."

"मी येणार, मॅडम."

त्यांनी परीक्षेच्या तारखा विचारून घेतल्या. मग त्या म्हणाल्या, "बरं, ये. लवकर ये."

इतक्या वर्षांत मॅडमांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी जाणार आहे. त्या सुखरूप घरी परताव्यात, निरोगी शरीराने आणि निर्धास्त मनाने त्यांना शंभरी पाहायला मिळावी, एवढंच मागणं आहे. सत्काराच्या दिवशी हा ग्रंथ त्यांच्या हातात पडेल तेव्हा त्यांनी चष्मा लावून या पानावर बोट ठेवावं आणि सगळ्यांसमोर मला दटावावं, "घरच्या गोष्टी कशाला लिहिल्यास रे?"